शोध फी

भाट यायचा तीन-चार वर्षांनी,
आधी घोडीवरून, मग एसटीनं, आता बोलेरोतून.
वही उघडून एका दमात म्हणायचा:
तोताराम, त्याचा बाप उखर्डू, त्याचा बाप गोविंदा,
त्यामागे आणखी सात,
एकाही बाईशिवाय जन्मलेले.
आम्ही त्याला टोपी-उपरणं द्यायचो
आणि खरं मानायचो.

मी वीज मंडळात वायरमन होतो.
तार तुटली की खांबामागून खांब मागे जायचं,
चौतीस वर्षांत एवढंच शिकलो.
रिटायर झालो आणि यावलच्या कचेरीत
रेकॉर्ड रूमच्या दाराशी अर्ज घेऊन उभा राहिलो.
शोध फी भरली. पावती मिळाली. पंखा बंद होता.
तिसऱ्या दिवशी मीच दुरुस्त केला,
तेव्हापासून कारकून माझाही चहा सांगतो.

कोतवाल बुक लाल फडक्यात बांधलेलं.
गाठ सोडली की आधी कसर पळते, मग अक्षरं.
मला मोडी येत नव्हती. भिरूड मॅडमनी शिकवली,
त्या स्वतः सासऱ्यांचं गाव शोधत होत्या, सहा वर्षं.
आधी पानभर आडवी रेघ ओढायची,
मग तिला अक्षरं टांगायची, दोरीवर धुणं टांगावं तशी,
आणि हात उचलायचा नाही.
"अक्षर नका बघू भाऊ, वळण बघा."

उखर्डू सापडला दुसऱ्या महिन्यात, मयतांत.
हंबर्डी. सन एकोणीसशे अठरा. वय पंचवीस. ताप.
त्याच पानावर त्याच तापाचे एकोणतीस जण,
शेवटी शेवटी लिहिणाऱ्याचा बोरूही थकलेला.

मॅडम नावावर बोट ठेवून थांबल्या.
"हे नाव हौसेनं ठेवत नाहीत.
आधीची जगली नाहीत की पोर उकिरड्यावर ठेवतात,
शेजारीण उचलते,
आई मूठभर ज्वारी देऊन तिच्याकडून विकत घेते,
म्हणजे मरणाला वाटावं, हे टाकलेलंच आहे.
आधीची शोधा."

शोधली. दहा वर्षं मागे गेलो पानापानानं.
हंबर्डीत नव्हती.
तार कुठे तुटली ते कळेना.

लतीफ तडवी मोहराळ्याचा.
त्याचा खापरपणजा सातपुड्यात लाकूडतोडीला गेला
तो कोणत्याच कागदात उतरला नाही.
पहिल्या दिवशी त्यानंच विचारलं होतं,
"काय शोधू राह्यला भो?"
मग आम्ही एकाच टेबलावर बसायचो,
तो त्याचं गाव उलटायचा, मी माझं,
डबा मात्र एक. त्याची चटणी, माझी केळी.

एका मंगळवारी त्यानं पान माझ्याकडे सरकवलं.
कोरपावली. त्याचं गाव नाही, माझंही नाही,
त्याला वाटलं होतं पणजा तिथे थांबला असेल.
"हे तुमचं दिसतंय."

येसी, लेक मोतीराम पाटील यांची, दिली हंबर्डीस.
तिला मुलगा. तिला मुलगी. तिला मुलगा.
पहिली बाळंतपणं माहेरी होतात,
हे मला कुणी सांगायला हवं होतं का?
मयतांत तिन्ही: सहा दिवस, दोन महिने, एक दिवस.
नावाच्या रकान्यात आडवी रेघ,
तिच्याखाली काही टांगलेलं नाही.

पण ती होती. येसी.
तिच्या गावच्या कोतवालाला ती ठाऊक होती,
कुणाची बायको म्हणून नाही.
मी ते वळण तीनदा गिरवलं, हात न उचलता.
लतीफ खिडकीकडे बघत बसला.

आता त्याचा खापरपणजा राहिलाय.
वड्री, परसाडे, नाहीतर पार चोपड्याकडचं एखादं गाव.
त्याचा गुडघा धरलाय, जिना चढवत नाही,
म्हणून शुक्रवारी अर्ज मी भरला.
गाव, साल, शोधायचं नाव,
आणि खाली: अर्जदाराशी नातं.
तिथे माझं पेन अडलं.
कारकुनानं चष्म्यावरून बघितलं, शिक्का हातातच.
"लिहा काहीतरी, भाऊ.
रकाना रिकामा चालत नाही."