तीन वाट्यांची एक

बुर्रा शेठ चीनला गेले होते रॅपियर माग बघायला,
येताना ह्यांच्यासाठी पुडी घेऊन आले.
चांगला माणूस. बावीस वर्षं ह्यांनी त्यांच्याकडे टॉवेल विणले,
त्यातली फंडाची वर्षं किती, ते आत्ता नको.

पुडीवर लाल अक्षरं, घरं बांधल्यासारखी,
प्रत्येकाला भिंती, आत कुणीतरी मांडी घालून बसलेलं.
शेठ म्हणाले, किडनीसाठी आहे, फार जुना इलाज.
तीन वाट्या पाणी घालायचं, आटवून एक करायची.

मी विडी वळते.
अंधारात नुसत्या बोटानं सांगीन
हे पान कोवळं, हे कातरीखाली फाटणार, हे उद्या परत भिजवा.
पुडी सोडली आणि माझी बोटं गप्प बसली.
आइस्क्रीमच्या काडीसारख्या पिवळ्या फोडी,
एक साल, एक काळी गाठ,
खजुरासारखं एक फळ, पण खजूर नव्हे.
वास सासूबाई घेटुळी शिजवायच्या तसा,
आणि त्याच्या मागून आणखी एक,
ज्याला आमच्या घरात नाव नाही,
ना तेलुगूत, ना मराठीत.

विडी घरकुलात नळाला पाचव्या दिवशी पाणी येतं.
बाया पिंपं भरतात, पोरं आंघोळीला नाचतात,
हे उंबऱ्यावर बसून बघतात.
ह्यांचं पाणी रोज येतं. सातशे मिली.
बाटलीवर मुबीननं मार्करनं रेघा मारून दिल्यात,
सकाळ, दुपार, गोळ्या, रात्र.
एक वाटी काढा म्हणजे दुपारची रेघ गेली
आणि चहा.
"चहा सोडतो की," हे म्हणाले.
ज्या माणसानं माग सोडताना तोंड उघडलं नाही तो.

पुडी घेऊन गेले बिराजदार मॅडमकडे.
त्यांनी भिंगाखाली धरली, हुंगली, खाली ठेवली.
"काही मुळ्या बऱ्या असतील.
काही असतात, उरलेली किडनीही नेतात.
यात कुठली आहे, मला माहीत नाही. तुम्हाला आहे?"
मी नाही म्हटलं.
अठ्ठावीस वर्षं पानात बसलेली बाई, नाही म्हणाले.
"आणि यांचं पोटॅशियम पाच पॉइंट नऊ आहे."
शहाळं गेलं, केळं गेलं, ते याच आकड्यापायी.

परतताना बस भैय्या चौकातून वळली.
या गावचा एक डॉक्टर चीनला गेला होता, शाळेत होता धडा.
तिकडच्या जखमा बांधता बांधता तिकडच्याच मातीत गेला.
वाटलं, त्याची ही परतफेड असेल,
सत्तर-ऐंशी वर्षं हिंडून, पत्ता चुकत चुकत, माझ्या पिशवीत.
मग कंडक्टरनं सुट्टे मागितले.

तरी मी उकळलं.
एका रात्री, हे झोपल्यावर, जुन्या पातेल्यात.
तिसरी वाटी आटली, दुसरी आटली,
गुळाच्या काकवीसारखी एक उरली.
घोटभर मी प्याले. आधी कडू,
मग घशात मागाहून गोड, कुणी समजूत घातल्यासारखं.

"वास कसला?"
हे उठून बसलेले.
खोटं बोलायला वेळ मिळाला नाही.
वाटी त्यांच्या हातात दिली.
दोन्ही हातांनी धरली, नाकाशी नेली,
डोळे मिटून बसले, किती वेळ ते मी मोजलं नाही.
मग तशीच भरलेली माझ्याकडे दिली.
"वासाला मिली लागत नाही," म्हणाले.

वाटी मोरीत ओतली. बाकीची पुडी
तंबाखूच्या डब्यात आहे, टाकवत नाही.

ह्यांच्या डाव्या मनगटावर सुईसाठी शीर जोडलीय,
बोट ठेवलं की आत थरथरते, थांबत नाही.
वीज गेली, घरकुलातले पंखे पडले, लांबचे माग पडले,
मी बोट ठेवून पडले.
चालू होता.
शुक्रवारी सहाची पाळी. कोंडा अंबादास, बेड चार.