अर्धा इंच

ग्लेनिसच्या दुकानात भिंतीला चाळीस रायफली टेकून उभ्या,
त्यांतल्या माझ्या कामाच्या दोन.
डिलनच्या डोळ्यांच्या डॉक्टरने सप्टेंबरात
उजव्या बुबुळात दिवा मारला आणि सांगितलं,
मधोमध जे धुकं आहे ते आता हटायचं नाही.
कडेकडेचं दिसेल.
ज्याच्याकडे बघशील तेवढं दिसणार नाही.

म्हणजे पन्नास हंगामांचा उजवा खांदा रजेवर.
गाल डावीकडे, डोळा डावा, बोल्टची मूठही डावीकडे हवी,
आणि त्यात मला हवी आखूड मॅग्नम.
"एक काहीतरी सोड," ग्लेनिस म्हणाली,
"नाहीतर पुढच्या वर्षी ये."
पुढचं वर्ष. तिला काय जातंय म्हणायला.

तिने काचेवर काडतूस उभं केलं:
ठेंगणं, ठुसकं, जवळजवळ बिनमानेचं,
जुन्या खाणीतल्या मुकादमासारखं पाय रोवून.
शेजारी माझ्या वडिलांच्या काळातली लांब मॅग्नम,
उंच, सडसडीत, उगाच तोऱ्यात.
"दम जवळपास तेवढाच," ती म्हणाली, "फक्त बैठक आखूड.
म्हणून बोल्ट अर्धा इंच कमी मागे येतो."

अर्धा इंच.
माझ्या भुवईवरचा व्रण तेवढाच आहे,
चौऱ्याहत्तर साली दुर्बिणीने मागे येऊन काढलेला.
डॉक्टरचं धुकं त्याहूनही लहान असेल,
आणि त्यात अख्खा एल्क मावतो, शिंगांसकट.

पहिली अक्रोडाच्या दस्त्याची.
काळीनिळी नळी, लाकडात धुरासारख्या रेषा,
वजन आठ पौंडांच्या वर.
खांद्याला लावली आणि वाटलं, हिच्याशी जमेल.
ग्लेनिसने तीन खोटी काडतुसं भरली.
एक गेलं. दुसरं गेलं.
तिसऱ्याचं नाक उंबऱ्याला अडलं.
"जाड्यांचं हे असंच," ती म्हणाली,
"काही घरांत जातात, काही घरांत दारातच बसतात."
मी पुन्हा भरली. तिसरं पुन्हा अडलं.
सुंदर वस्तूला मी आयुष्यात एवढी संधी
क्वचितच दिली असेल. चौथ्यांदाही भरली.

दुसरी राखाडी. प्लास्टिकचा दस्ता, न गंजणारं पोलाद,
नळदुरुस्तीच्या पेटीतून काढल्यासारखी.
सहा पौंडांच्या जरा वर.
हलकी रायफल चढणीला सोबतीण,
चाप ओढला की वैरीण,
हे मला कुणी सांगायला नको.
पण काडतुसं घेतली तिने
पाण्यात बदक उतरावं तशी,
एक, दोन, तीन.

बाहेर ट्रकमध्ये लोरेट बसली होती, मांडीवर पर्स, इंजिन चालू.
येताना तिने एकदाच विचारलं होतं,
"मासे धरायला गेलास तर काय बिघडेल?"
मी काही बोललो नव्हतो.
मागच्या सीटवर घोंगडीत गुंडाळलेली माझी जुनी रायफल,
बदल्यात द्यायला आणलेली.
ग्लेनिसने तिचा आकडा फोनवरच सांगितला होता. वाईट नव्हता.
मी तिला आत नेलीच नाही.
पूर्ण पैसे मोजले,
राखाडी वस्तू बगलेत घातली आणि बाहेर आलो.
लोरेटने मागच्या सीटकडे पाहिलं, मग पुढे,
आणि गिअर टाकला.

आता रोज रात्री, भांडी झाल्यावर,
स्वयंपाकघरात रिकाम्या रायफलीने
भिंतीवरच्या कॅलेंडरातली पंधरा तारीख धरतो.
डावा गाल. डावा डोळा. श्वास अर्धा सोडून.
खट्.
आणि लगेच उजवा हात धावतो
जिथे खटका नाहीच, त्या बाजूला,
गुळगुळीत पोलादावर फिरतो, शोधतो,
आंधळ्याने दार चाचपावं तसा.

लोरेटने एकतीस वर्षं पहिलीची मुलं शिकवली.
कितीतरी डावखुऱ्यांना तिने अक्षरं गिरवायला लावली.
ती वर्तमानपत्रातून मान वर करत नाही.
"पुन्हा," म्हणते.