चालून दाखव

हॅलिफॅक्सच्या वर, टेकडीच्या खांद्यावर
पत्र्याची लांबट शेड. शनिवार, अकराची वेळ.
गाडीतून उतरेपर्यंत आमच्या चौघांत
पाच कुत्री ठरली होती.

ओजसला हवं होतं चेंडू आणणारं.
मृण्मयीला असं, जे फोटोत हसतं.
श्रीरंगला केस न गळणारं. शिवाय एक राखीव,
नाहीच जमलं तर.
मी काही बोलले नाही.
माझ्या पोटरीवर कराडच्या एका बोळातले
चार दात अजून आहेत,
आणि बेंबीभोवती चौदा सुयांची मोजणी.

काउंटरमागे मॉरीन. स्वेटरवर केसच केस.
तिने कुत्रा दाखवला नाही, फॉर्म दिला.
घरी किती तास कुणीच नसतं?
कुंपण किती फूट?
मांजर आहे का, तान्हं मूल, जिना?
चिडलात की आवाज चढतो का?
श्रीरंगने माझ्याकडे पाहिलं,
मी त्याच्याकडे.
'कधीकधी'वर खूण केली, एकाच पेनाने, दोघांनी.

मग पिंजरे. भुंकण्याचा नुसता गारांचा मारा.
तपकिरी स्पॅनियलने चेंडू आणला, ठेवला,
पुन्हा आणला. ओजस तिथेच रुजला.
"ह्याला रोज तीन तास पळवावं लागतं," मॉरीन म्हणाली.
आमच्याकडे पाऊण होता, तोही पाऊस नसला तर.
"मग बघा, तो तुम्हाला आवडलाय,
पण तुम्ही त्याला परवडणार नाही."
इतकं नीट 'नाही'
मला नोकरीतसुद्धा कुणी म्हटलेलं नव्हतं.

शेवटच्या खणात, भिंतीकडे तोंड करून,
राखाडी, उंच, बरगड्या मोजून घ्याव्यात असा
ट्रेव्हर.
शर्यतीत धावला, हरू लागला, इथे आला.
दोनदा नेला, दोनदा परत आणला.
पहिल्यांदा फार गप्प आहे म्हणून.
दुसऱ्यांदाचं कारण
मॉरीनने फाइलमध्ये शोधलं, सापडलं नाही.

"थांबा, चालवून दाखवते."

आणि मला शरयूआत्या दिसली,
सतरंजीच्या कडेकडेने
दारापासून खिडकीपर्यंत चाललेली,
पाहुण्यांच्या बशा वाजत असताना.
मुलगी चांगली आहे, पण.
त्या 'पण'च्या पुढचं
आमच्याकडे कधी पोचलंच नाही.

"द्या," मी म्हटलं, "पट्टा माझ्याकडे द्या."
श्रीरंग वळून बघत राहिला.
अंगणात दोन फेऱ्या. त्याने ओढलं नाही.
मी थांबले की तो थांबायचा,
खाली बघत,
जणू थांबणं ही त्याचीच चूक.

"हा चेंडू आणत नाही," ओजस म्हणाला.
"आयुष्यभर खोट्या सशामागे पळालाय, राजा.
आता कशाच्याच मागे जात नाही."
मृण्मयीने फोटो काढला.
तो हसला वगैरे नाही.
तिने तो ठेवला मात्र.

आमचं कुंपण चार फूट, त्यांना हवं सहा.
शेजारच्या डेरेकने जुन्या फळ्या दिल्या,
खिळे दिले, आणि सल्ले, न मागता.
मॉरीन टेप घेऊन आली, मोजलं,
चहा घेतला, पोहे दोनदा घेतले,
पास केलं.

नाव बदलायचं का, यावर मतदान झालं.
ट्रेव्हर तर ट्रेव्हर.
'बस' म्हटलं तरी बसत नाही,
सिट म्हटलं तरी नाही.

पहिल्या रात्री कळलं:
एवढा वाऱ्यासारखा पळालेला,
पण जिना त्याने कधी पाहिलाच नव्हता.
चिकन ठेवून झालं, लाडीगोडी झाली,
मुलं वर जाऊन झोपली.
तो खाली उभा, मान वर करून,
आमच्या अंधाराकडे बघत.

दीड वाजता मी उतरले.
गार नाक पोटरीला लागलं,
नेमकं तिथेच.
मी ओरडले नाही. ओरडायचं होतं.
मग त्याचा एक पाय उचलला,
काडीएवढा, थरथरता, पहिल्या पायरीवर ठेवला.
मग दुसरा.
मग दोघं तसेच उभे राहिलो.

एक झाली.
एकूण तेरा आहेत.