पसर

पहाटे तीनला ढोरं सोडायची,
दव आहे तोवर चारून आणायची.
आमच्याकडे याला पसर म्हणतात.

औंदा बाबानं पसर मागं सारली.
आधी दोनला, मग बाराला,
मग जेवणाचं ताट धुतल्या धुतल्याच.
"दिवस काही आपला नाही राह्यला," म्हणाला,
वाटणीत एखादं वावर भावाकडं जावं, तसं.

दवाखान्याचा मेसेज आला होता:
जनावरे सावलीत बांधावीत, पाणी मुबलक पाजावे.
बाबानं दोनदा वाचून घेतला माझ्याकडून,
मग विचारलं,
"मुबलक म्हंजे किती गुंड?"

गौळाऊ गाय अंधारातही दिसते.
टेकडीवर चुन्याचे बोट फिरवल्यासारखी
पुढं चांदणी, तिच्यामागं भिंगरी,
आणि दोन वर्षं माजावर न आलेली कवळी.
मी टॉर्च लावला.
"इझव थो. उजेडात डोये दिसतीन फक्त,
कोनाचे हायेत थे नाही समजनार."
बोरचं जंगल इथून दीड कोस.

मग आम्ही ऐकत बसलो.
बाबा गवत कानानं ओळखतो.
पवन्या तुटतो जुनं लुगडं फाटल्यावानी,
मारवेल ओला, त्याला आवाज कमी,
कुसळी दाताखाली करकरते.
पुंजाराम ढोरकी म्हणतात त्याला चार गावात,
पण हे कोणाला ठाऊक नाही.

नाल्याच्या वर गेलो
आणि एकदम काहीच ऐकू येईना.
घंट्या वाजत होत्या, पावलं वाजत होती,
तोंडं मात्र बंद.
मी म्हटलं, वाघ?
बाबा म्हणाला, "नाही बाई. तरोटा."

त्यानं हातानं चाचपून पाहिलं, पार बांधापर्यंत.
गेल्या साली इथं पवन्या होता.
ज्वारी होती तेव्हा कडबा होता,
आता सोयाबीनचं कुटार,
तेही होळीच्या गारांनी काळं पडलं.
यातलं तो काही बोलला नाही.
हात पँटला पुसला
आणि कळप वळवला.

आता दुपार. टिनाखाली गोठा.
चांदणीच्या पाठीवर ओला बारदाना,
तिच्या पोटाला टेकून बाबा झोपलाय
घड्याळाच्या उलट्या बाजूला.
ती रवंथ करते आहे.
मी तिच्या गळ्याशी कान लावून
रात्रीचं गवत ओळखू पाहते.

मारवेल असावा.
की नुसतं पाणी?
बाबा उठला की विचारीन.