इ. बार्रेतो

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात
चोरीसच्या माळांखाली सापडली रेकॉर्ड. चाळीस रुपये.
कव्हरला सुक्या बांगड्याचा वास,
मागे बारीक टाइपात चार नावं.
ऑर्गन : इ. बार्रेतो.

दुसऱ्या बाजूला, तिसऱ्या तुकड्यात
सॅक्सोफोन थकून खाली बसतो
आणि ऑर्गन धरून ठेवतो एकच स्वर,
रात्री उशिरा येणाऱ्यासाठी
दार नुसतं लोटून ठेवावं, तसा.

सात महिने मी एका पुरुषाला शोधत होतो.

चांदरला दार उघडलं एर्मेलिंदाबाईंनी,
कोपरापर्यंत पीठ.
"इ म्हणजे मीच. बाईचं नाव नको म्हणाले."
सत्तर रुपये मिळाले होते, बसभाडं वेगळं.
उबाल्दो ड्रम विकून बोटीवर गेला, तो गेलाच.
बासवाला मयताच्या बँडमध्ये;
स्वतःच्या मयताचीही बिदागी
त्यानं आधीच ठरवून ठेवलेली.

मी सुई टेकवली.
त्या पीठ खरवडत राहिल्या नखांतलं.
तो स्वर आला.
"हा तुम्हाला कुठून सुचला?"

"सुचला? पट्टी अडकली होती, बाबा. चॅपेलचा ऑर्गन,
पावसाळाभर फुगलेला.
मी घाबरून वर बघितलं,
तर एलिझियो, तोंडात सॅक्स तसाच,
डोळ्यांनीच म्हणाला:
आसूं दी."