दोन बरण्या

सिंथेटिक सत्तावन्न डॉलर, साधं एकोणतीस.
दोन्ही डब्यांवर तोच आकडा, पाच-तीस.
डार्लीननं ते गल्ल्यापाशी शेजारीशेजारी मांडले
आणि म्हणाली, तूच ठरव ओरिसिया,
मी दोन्ही विकते.

ट्रक शहाण्णव सालचा.
चार लाख दहा हजार किलोमीटर.
दारांचे खालचे काठ गंजानं कुरतडलेले,
डावीकडची काच वर करायची
तर एक हात तिच्या काखेत घालावा लागतो,
घरी पोचवायच्या दारुड्याला घालावा तसा.

वासिलकाका म्हणाला, म्हाताऱ्या इंजिनाला हे नवं घालू नये.
कॉफीत तिसरा चमचा साखर ढवळत म्हणाला,
ते फार साफ करतं.
तीस वर्षांचा मळ बसलाय सीलांच्या भेगांमधून.
तो आता मळ राहिला नाही, ट्रकच झालाय.
धुऊन काढलास की चहूकडून गळेल.
माझंच बघ.
पुढे बोलला नाही.
दारू सोडली त्या वर्षी तो
बँकेत, लिलावात, लोकांच्या लग्नांत
कुठेही रडायचा.

भाऊ एडमंटनहून फोनवर: कंजूषपणा करू नकोस.
त्याचा ट्रक हप्त्यांवरचा, सीटसुद्धा गरम होतात.
सगळी सोंगं आणता येतात रे बोहदान,
पैशाचं येत नाही.
अठ्ठावीस डॉलरांत
वासरांच्या हगवणीच्या औषधाच्या दोन बाटल्या येतात.

डार्लीनकडच्या उघड्या डब्यांतून
मी थोडं थोडं मागून आणलं.
लोणच्याच्या दोन रिकाम्या बरण्या,
एकीच्या तळाशी अजून शेपूची काडी.
रात्री ओसरीच्या कठड्यावर ठेवून झोपले.

सकाळी उणे चाळीस.
सेल्सियस आणि फॅरनहाइट यांचं भांडण
याच आकड्यावर मिटतं;
आमच्याकडे वर्षातून पाचसहा दिवस
असा समेट असतो.
पापण्या चिकटत होत्या.
पहिली बरणी तिरपी केली.
सिंथेटिक जरा जड झालं होतं, पण उठलं,
हाक मारल्यावर उठतं तसं,
आणि काठाशी आलं.
दुसरी तिरपी केली.
काकवीसुद्धा याहून चपळ.
मी तीसपर्यंत मोजलं.
ते बुडाशीच बसून होतं, विचार करत.

घरी असताना इंजिनाला हीटर लावता येतो.
पण दूरच्या गोठ्यापाशी वीज नाही,
आणि गाई तिथेच वितात,
बहुधा रात्री दोनला, बहुधा अशाच रात्री.
गेल्या फेब्रुवारीत मी तिथून
एक वासरू घरच्या चुलीपाशी आणायला निघाले.
किल्ली फिरवली. नुसतं कण्हणं.
अकरा मिनिटं.
मी त्याला कोटाच्या आत घेऊन बसले होते,
त्याच्या ओल्या पाठीचा बर्फ
माझ्या बनियनला चिकटत होता.
ट्रक सुरू झाला तेव्हा
चालवायची घाई उरली नव्हती.

हे मी डार्लीनला सांगितलं नाही.
सत्तावन्न मोजले, वर कर.
रविवारी ट्रकखाली पाठ टेकून
जुनं काळं तेल काढलं, नवं भरलं.
मधाच्या रंगाचं होतं.
एवढं स्वच्छ काही या ट्रकमध्ये
याआधी गेलं नसेल.

मार्चच्या मध्यावर पहिला ठिपका.
पुठ्ठा सरकवला खाली.
आठवड्यानं ठिपक्याची बशी झाली.
वासिलकाका आला, वाकला, पाहिलं.
मी वाट पाहत होते, तो "सांगितलं होतं" कधी म्हणतो याची.
तो आपल्या गाडीपाशी गेला
आणि पाव भाजायचा एक मोठा ट्रे घेऊन आला,
कोपरे जळून काळे झालेले.
मारुस्या काकूचा. चार वर्षं कपाटात होता.
पुठ्ठा काढून त्यानं तो
पायानं बरोबर थेंबाखाली ढकलला.

या हिवाळ्यात नऊ वासरं आणली.
महिन्याला अर्धा लिटर वरून घालते.