वर्षाला एक लिंबू

फुंका, फुंका, अजून, अजून, सोडू नका!
पंचवीस वर्षं मी हेच ओरडते आहे
वालपाराइसोच्या टेकडीवरच्या या दवाखान्यात,
आणि ओतिलिया फुंकते,
नाकाला चिमटा, लालबुंद,
टपालाची पिशवी मांडीवरच.

पहिल्यांदा आली तेव्हा चौतीसची.
एकशे ऐंशी पायऱ्या एका दमात चढते, म्हणाली,
दमा आहे तो रात्रीचा, मांजरामुळं.
मांजर मेलं. दुसरं आणलं.

मग थांबे ठरत गेले:
आधी निळं दार, चपलेत खडा गेल्याचं निमित्त;
मग कोपऱ्यावरचं दुकान, कांद्याचा भाव विचारायला;
आता प्रत्येक वळणावर समुद्र बघते.
समुद्र काय, तिथंच आहे.
"पालिकेनं पायऱ्या वाढवल्यात, यास्ना,
रात्रीत घालतात मेले."

कागदावर रेघ उतरते.
वयाबरोबर सगळ्यांचीच उतरते, माझीही;
यंत्र तपासायला रोज सकाळी मीच फुंकते.
तिची घाईत आहे.
फवारा? "छाती भरली की घेते."
अगं, रोज घ्यायचा असतो तो. हे मी किती वेळा

यंदा तिनं विचारलंच: वर्षाला किती जातं?
म्हटलं, एका लिंबाचा रस.
तिनं बोटांवर पंचवीस लिंबं मोजली.
"वाडगाभर की."
लिटर हा शब्द मी गिळला.

आज दारात पिशवी होती,
टपालाच्या सुतळीनं बांधलेली,
तिच्या परसातली लिंबं, काही अजून हिरवी.
चिठ्ठीत एवढंच:
ही पुन्हा येतात.